'हे' म्हणजे कोण

रविवारी दुपारी चार बायकांसमोर माझ्या तोंडून एक वाक्य निसटलं आणि घरात आग लागली.

वाक्य अगदीच साधं. इमारतीतल्या बायका जमल्या होत्या, विषय साखरेचा. कुणाचं वजन वाढलं, कुणाला डॉक्टरने झापलं. मी चहाचा ट्रे घेऊन उभी. बोलता बोलता म्हणाले, "आमच्या ह्यांना तर बिनसाखरेचाच लागतो."

सासूबाईंनी डोळे पुसले. त्यांना वाटलं, मुलगा जाऊन चार वर्षं झाली तरी सून त्याची आठवण काढते. शेजारणीनेही मान खाली घातली. तेवढ्यात माझी थोरली जाऊ बोलली. हिला जीभ मिळाली, तिचा ब्रेक कुठेतरी हरवला.

"काय सांगतेस! भाऊजी तीन चमचे घ्यायचे. वर कपाच्या तळाची साखर बोटाने चाटायचे."

खरं होतं.

"मग हे कोण गं?" शेजारीण म्हणाली.

चहा कुणाचा, ते मला माहीत होतं. मी लॉन्ड्रीत कामाला आहे. इस्पितळांच्या चादरी येतात, धुतल्या जातात, वाळतात, मग घड्या. मोठ्या चादरीला दोन माणसं लागतात. बॉयलरवर एक जण आहे, सगळे त्याला वाफेवाला म्हणतात. त्याचं काम आटोपलं की तो चादरीचं दुसरं टोक धरायला येतो. माझ्याच थर्मासमधला चहा पितो, साखर घालायच्या आधी काढून ठेवलेला. महिन्यापूर्वी चादरीची दोन टोकं हातात धरून म्हणाला, "लग्न करायचं का आपण?" मी म्हणाले, "आधी घडी नीट घाला, तिरकी जातेय." तो विषय तिथेच लोंबकळत राहिलाय.

पण तो माझा 'हे' कधी झाला? 'हे' एकच होते. अठरा वर्षं मी त्यांचं नाव घेतलं नाही, 'हे' हेच त्यांचं नाव. तो शब्द मला न विचारता उठला आणि दुसऱ्याच्या शेजारी जाऊन बसला. मी पहिल्याला विसरले? की दोघांची सरमिसळ झाली? की ह्या माणसात मी त्यांनाच शोधतेय? रात्रभर डोक्याचा भुगा झाला, हाती काही लागलं नाही.

सकाळी थोरल्या दिरांनी समोर बसवलं. आवाज अगदी गोड.

"हे बघ, माणूस विसरतो. तू फक्त सगळ्यांसमोर सांग, त्याचा चहा कसा असायचा ते विसरले. विषय संपला."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर खोली बघ," जाऊ आतून म्हणाली. "असली थेरं ह्या घरात नकोत. संध्याकाळपर्यंत ठरव."

मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. म्हणजे मेलेला नवरा मी साफ विसरले तर चालेल! जिवंत माणूस लक्षात राहिला तर चालणार नाही! ह्याला हे लोक इज्जत म्हणतात. चार वर्षांत ह्यांच्यापैकी एकानेही त्यांची आठवण काढली नव्हती, आणि काल अचानक चमचे मोजायला बसले.

लॉन्ड्रीत गेले ती भांडायच्या तयारीनेच. चादरीचं टोक त्याच्या अंगावर फेकलं आणि सगळं सांगितलं.

"बिनसाखरेचा कशाला पिता हो तुम्ही? तीन चमचे घेतले असते तर तुमचं काय बिघडलं असतं? कुणाला काही कळलं नसतं."

तो टोकं जुळवत जवळ आला. "मग तुम्हालाही कळलं नसतं, कुणाबद्दल बोललात ते."

"आता तरी कुठे कळलंय?"

"नाही कळलं?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला आणि पुढची चादर उचलली. रागावला नाही, समजूतही घातली नाही. मला वाटलं, दोन्हींपैकी काहीतरी करायला हवं होतं. मग वाटलं, बरं झालं नाही केलं. माझं मलाच कळेना.

संध्याकाळी सगळे बसलेच होते. शेजारीणही होती, आमंत्रण नसताना.

"सांग," दीर म्हणाले. "विसरले म्हण."

"मी काही विसरले नाही. ते तीन चमचे घ्यायचे. मी दुसऱ्याबद्दल बोलले."

"म्हणजे लग्न करणार तू?"

"माहीत नाही. पण काल जे बोलले ती चूक नव्हती. खोली बघते मी."

एकच गलका झाला. दीर माझ्या माहेरच्यांना फोन लावायला उठले, जाऊ माझ्या वयाचा हिशेब करू लागली. सासूबाई तेवढ्या बोटांवर काहीतरी मोजत होत्या. शेवटी म्हणाल्या, "सगळे थांबा रे. आधी मला सांगा, तो माझा कोण लागेल?"

सगळे नाती धुंडाळू लागले. जावई नाही, दीर नाही, व्याही नाही.

"सुनेचा नवरा," मी म्हणाले.

"सुनेचा नवरा म्हणजे मुलगा," त्या म्हणाल्या आणि स्वतःच दचकल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. त्या मला शिवी देणार होत्या की रडणार होत्या, मला कळलं नाही. बहुतेक त्यांनाही कळत नव्हतं.