हसरी कवळी

इमारतीत सगळे सरांना पाठीमागे ‘करवत’ म्हणत. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, तरी जिन्यात चपला काढणाऱ्यापासून गॅलरीतून पाणी सांडणाऱ्यापर्यंत प्रत्येकाची शाळा घेणं काही सुटलं नव्हतं. दात मात्र एकेक करून सुटले. उरलेसुरले हलणारे डॉक्टरीणबाईंनी काढले आणि हिरड्या भरून आल्यावर सांगितलं, “स्क्रू बसवून दात लावता येतात, पण तुमचं हाड झिजलंय. ब्रिज करायचा तर आधाराला दात हवेत, ते उरले नाहीत. पूर्ण कवळीच करू. दिसायला कशी हवी?”

“शिस्तीत,” सर बोळक्या तोंडाने म्हणाले.

कवळी शिस्तीतच निघाली, पण वरच्या ओठाखाली जरा जाड. ओठ पुरते मिटेनात, कोपरे वर ओढले जात. आरशात एक लाघवी म्हातारा हसत उभा.

“अगंबाई! कोण हो हे?” बायकोने विचारलं.

त्यात बोलायला गेलं की ‘स’ची शिट्टी वाजे आणि कवळी घसरून खाली येई. “सवय होऊ दे, मग घासून देते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तोवर सरांनी तोंड मिटून, म्हणजे जमेल तितकं मिटून, राहायचं ठरवलं.

खालच्या मजल्यावरच्या शिंप्याशी त्यांचा शिलाई मशीनच्या आवाजावरून जुना वाद. तो जिन्यात समोर आला आणि सरांचं हसू बघून चपापला.

“सर, मशीनचा त्रास होतो ना तुम्हाला? आता रात्री नाही चालवणार.”

‘आणि दुपारी?’ हे सरांच्या अगदी जिभेवर आलं होतं. जिभेवर कवळीही आली, म्हणून ते गप्प बसले. शिंप्याने घरोघर सांगितलं, “माणूस पार बदललाय हो!”

मग एकेक जण त्यांच्याजवळ येऊन मन मोकळं करू लागला. सर ऐकून घेत. इलाजच नव्हता.

इमारतीच्या वार्षिक सभेत शिंप्यानेच अध्यक्षपदासाठी त्यांचं नाव सुचवलं. “मला साफ नामंजूर आहे,” असं ठणकावायला सर उठले. ‘म’लाच वरची कवळी सुटली. त्यांनी झटकन तोंडावर हात धरला.

“बघा, सरांना भरून आलं!” कुणीतरी म्हणालं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

नोकरीत त्यांच्यासाठी एकदाच टाळ्या पडल्या होत्या, निवृत्तीच्या दिवशी, आणि त्या जरा जास्तच मनापासून होत्या. या वेगळ्या वाटल्या. घरी येताना सर खरंच हसत होते. पण ते कुणाला कळायला मार्ग नव्हता.

पुढे डॉक्टरीणबाईंनी कवळी घासून दिली. ओठ मिटले, शिट्टी गेली. अध्यक्ष म्हणून पहिल्याच बैठकीत सर चपला, पाणी, मशीन, सगळ्यांवर बोलले. एकदाही न अडखळता. लोक खाली माना घालून बसले.

बाहेर पडताना शिंप्याने हळूच सरांच्या बायकोला गाठलं.

“वहिनी, सरांची कवळी एकदा डॉक्टरांना दाखवा हो. आधी किती छान बसत होती!”