पोस्टमनचे बूट

"हे हृदय दुखणार नाही हं. म्हणून दुखायची वाट बघत बसू नका," सिस्टर म्हणाल्या होत्या. "त्याच्या नसा तुटल्यात. आजारी पडलं तरी ते ओरडणार नाही. रोज सकाळी वजन करा, पाय बघा. दोन दिवसांत दोन किलो वाढलं, की त्याच दिवशी इथं यायचं."

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. बूट शिवणाऱ्या त्या कारागिराच्या शेजारच्या खाटेवर तेव्हा एक पोस्टमन होता. दोघांनाही एकाच आठवड्यात परक्याचं हृदय मिळालेलं. घरी आल्यावर दोघांनी नेम धरला. सकाळी सातला फोन करायचा आणि आकडा सांगायचा.

"एकसष्ट."

"अडुसष्ट," पोस्टमन म्हणे. "हसू नकोस, माझे पायच जड आहेत. आठ नंबरचे!"

"आणि सबब सांगायची नाही. शब्द?"

"शब्द."

एखादं व्रत पाळावं तसा नऊ वर्षं त्यांनी हा नेम पाळला. शेवटच्या दिवसांत मात्र पोस्टमननं आकडा खोटा सांगितला. त्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आतल्या आत अरुंद होत गेल्या आणि एका दुपारी ते मुकाट्यानं थांबलं.

त्यानंतर कारागिराचा सातचा फोन वाजला नाही. गोळ्या तो आठाच्या ठोक्याला घेई, सकाळी आणि संध्याकाळीही. पण आकडा कुणाला सांगायचा? एक दिवस त्यानं वजनकाटा पायानंच खाटेखाली सारला. जवळचं असं कुणी नव्हतं. जंतुसंसर्गाच्या धास्तीनं माणसांपासून लांब राहता राहता माणसंही लांब राहायला शिकली होती.

गेल्या पंधरा दिवसांत त्याचे बूट आवळू लागले. दुसरा कुणी असता तर त्यानं पाय पाहिले असते. यानं बूट पाहिले. ओले केले, लाकडी साच्यावर चढवले, ताणले. चार दिवसांनी पुन्हा ताणले. हातात कला असली की माणूस स्वतःलाही बेमालूम फसवतो. आडवं पडलं की दम लागे म्हणून उशाला दुसरी उशी लागू लागली, तर तो स्वतःशीच म्हणाला, कापूस बसलाय.

आज दुपारी पोस्टमनची बायको दुकानात आली. हातात पिशवी होती.

"भाऊजी, यांचे बूट. दोन वर्षं खाटेखाली होते. कुणाच्या तरी पायात जाऊ देत."

"ठेवा वहिनी. टाच बदलून देतो कुणाला तरी."

तिची नजर साच्याकडे गेली. "हे तर तुमचे."

"चामडं आखडलंय."

"पाऊस नसताना?"

"जुनं झालं की आखडतं. माणसासारखंच." तो हसला, पण हसता हसताच त्याला धाप लागली.

वहिनी हसली नाही. "हे म्हणायचे, जिना उंच झालाय. अहो, मीसुद्धा पायऱ्या मोजल्या वेड्यासारख्या! सोळाच्या सोळाच होत्या." तिनं पदर सावरला. "मी काही बोलणार नाही. ज्याला शब्द दिलात, त्यालाच सांगा चामड्याचं."

ती गेली. तो बराच वेळ हातातली आरी फिरवत बसला. तोच वॉर्ड, त्याच नळ्या आणि शेजारच्या खाटेवर कुणी तिसराच. तिथं तो कुणाला हसवणार होता? न गेलं तर काय, याचं उत्तर पिशवीत होतं.

शेवटी मागच्या खोलीत जाऊन त्यानं वजनकाटा ओढून काढला, धूळ पुसली आणि वर उभा राहिला.

"साडेपासष्ट," तो मोठ्यानं म्हणाला. खोलीत कुणी नव्हतं. तरी तो क्षणभर थांबला, पलीकडून टोमणा येईल म्हणून.

मग त्यानं मोजा खाली केला. नडगीवर अंगठा दाबला, उचलला. खळगा तसाच राहिला. आता चामड्याला बोल लावायला जागा नव्हती.

त्यानं हॉस्पिटलला फोन केला. "लगेच या," तिकडून सांगितलं, "गाडी पाठवू का?" कोपऱ्यावर टॅक्सी मिळते, असं तो म्हणाला. गोळ्यांचा डबा, फाइल आणि एक चादर पिशवीत भरली. साच्यावरचे बूट त्यानं पायात घालून पाहिले. चढेनात. तेव्हा वहिनीनं आणलेले बूट काढले. आठ नंबर. सुजलेले पाय त्यात अलगद बसले.

"घे. तुझेच जड पाय," तो पुटपुटला.

दाराला कुलूप लावून त्यानं किल्ली शेजारच्या शिंप्याकडे दिली. शिंप्यानं भुवई उंचावली. "कुठं निघालात?"

"एक आकडा सांगायचा राहिलाय."

मग तो निघाला. या हृदयाला आपण चाललोय हे उशिरा कळतं, म्हणून कोपऱ्यापर्यंतची पावलं त्यानं सावकाश टाकली.