नीलम्माची दीक्षा

महालिंग स्वामींनी कानात मंत्र सांगितला. आता तो नीलम्माने त्यांच्यामागून म्हणायचा होता. ती त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. तिचे ओठ हलले, शब्द निघाला नाही. मानवतच्या त्या घरात जमलेले सोयरे एकमेकांकडे पाहू लागले.

नीलम्मा तिशी ओलांडलेली, पण उंचीने शाळकरी पोरीएवढी. जीभ जाड, आवाज घोगरा. विचारलेलं डोक्यात पोचायला वेळ लागायचा आणि उत्तर बाहेर यायला त्याहून जास्त. जन्मली तेव्हा पिवळी पडलेली, दूध ओढायची नाही, नुसती झोपून असायची. ही काही जगत नाही, म्हणून लिंगायतांच्या रीतीप्रमाणे तान्हेपणीच गळ्यात लिंग बांधणं पुढं ढकललं. जगली, तर खुळीला कशाला, म्हणून राहिलं. लोकांना काय, कोणतंही कारण पुरतं.

यंदा निजाम सरकारच्या दवाखान्यात परभणीला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, गळ्यातली ग्रंथी जन्मापासूनच काम करत नाही, त्यामुळे मेंदूची वाढ खुंटली. तान्हेपणीच औषध मिळतं तर निभावलं असतं. आता गोळ्यांनी अंगात ऊब येईल, बुद्धीचं गेलेलं परत येणार नाही. तिची आई भागम्मा ते ऐकून दिवसभर रडली. दुसऱ्या दिवशी पदर खोचून तिने स्वामींना निरोप धाडला. बिनदीक्षेच्या हातचं त्या घरात कुणी खात नसे. आपण गेल्यावर सून हिला चुलीपासून उठवून गोठ्यात बसवील, आणि भर उन्हाळ्यातही काकडणारी ही पोर तिथं मरेल, हे म्हातारीला स्वच्छ दिसत होतं.

"ऱ्हाऊ द्या," स्वामी मऊपणे म्हणाले. "आईनं म्हटलं तरी चालंल."

"तिच्या वाटचं मी जेवत न्हाई, अप्पा. तिचा मंत्र मी कसा म्हणू?" भागम्मा म्हणाली.

थोरला मुलगा शिवरुद्र आईच्या कानाशी लागला. पाहुणे खोळंबलेत, स्वयंपाक निवतोय, चारचौघांत शोभा कशाला, असं बरंच बोलला.

"मी जलमभर थांबले," भागम्मा सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "तुमाला जेवणापुरतं बी थांबता येईना? तिला अक्कल न्हाई असं न्हाई. लय उशिरा येती. येऊ द्या."

भागम्माने लेकीला ढोसलं नाही, पहिलं अक्षरही सुचवलं नाही.

"न... म..." नीलम्मा अडली. कुणीतरी खुसखुसलं. भागम्माने तिकडे नुसतं पाहिलं.

"शि... वाय," नीलम्मा म्हणाली. आणि कुणी न सांगता सगळा मंत्र पुन्हा एकदा म्हणाली, मोठ्यानं.

स्वामींनी तिच्या गळ्यात लिंग बांधलं. पंगत बसली. सून भाकरीची टोपली घेऊन उठली, तर भागम्माने तिला मनगट धरून खाली बसवलं आणि आज पहिली वाढणार ती नीलम्मा, असं बजावलं. ताटं रिकामी होती. नीलम्मा टोपली छातीशी धरून, एकेक पाऊल टाकत उंबऱ्यापर्यंत आली होती. स्वामी मांडीवर हात ठेवून तिची वाट पाहत बसले.