लष्करी पोलिसाची शिट्टी

मी एक जुनी पितळी शिट्टी, मित्रांनो. अंगावर दातांचे वण आहेत. हसू नका, लढाईतले आहेत ते.

माझा मालक लष्करी पोलीस होता. लढाईभर आम्ही एका लाकडी पुलाच्या तोंडाशी उभे. पूल एका वेळी एकच ट्रक पेलायचा. मी लांब वाजले की ट्रक थांबायचा, दोनदा आखूड वाजले की सुटायचा. वर विमानं घोंघावायची आणि मागचे ड्रायव्हर बोंबलायचे, "ए शिट्टीवाल्या, शेतात बुजगावणं म्हणून शोभशील!" मला असा राग यायचा! मालक नुसता मला दातांत आवळायचा. त्याची भीती बाकी कुणाला दिसली नाही. माझ्या अंगात मात्र रुतली.

लढाई संपली आणि आम्ही खरंच शेतात आलो. पण गळ्यातून मला काढायला तो तयार होईना. लांबवर इंजिन वाजलं की त्याची कुदळ हवेतच थांबायची. मग त्यानं मला नवं काम दिलं. चारा टाकायचा, मला लांब वाजवायचं, की गाई धावत यायच्या. त्याची लेक टाळ्या पिटायची. मीपण फुगले.

एकदा दुपारी लेक गाई घेऊन रस्त्यापलीकडं उभी होती. उतारावरून ट्रक सुसाट येत होता. मालकाचा हात आपोआप वर गेला. त्यानं मला जीव खाऊन वाजवलं. लांब.

ट्रकवाल्याला ऐकूच गेलं नाही. गाईंना गेलं! निघाल्या की रस्त्यात, आणि एकीचं दावं धरलेली लेक फरफटत मागं.

"दावं सोड!" मालकीण किंचाळली. लेकीनं सोडलं. ब्रेक करकरले. गाई निसटल्या. लेकीचे गुडघे फुटले, तेवढ्यावर निभावलं.

"अहो, ट्रक थांबवायच्या शिट्टीनं गुरं बोलावता?" लेकीला कवटाळून मालकीण कडाडली. "इथं कुठं आलाय तुमचा पूल?"

मालक पुटपुटला, "मला दिसला गं."

मग तिनं मला त्याच्या गळ्यातून काढून पेटीत टाकलं. बरंच केलं. पण पेटीतून मला ऐकू येतं ना! ट्रक गेला की मालकाचं बोलणं मध्येच तुटतं. लेक जवळ असली तर म्हणते, "बाबा, मग पुढं?" मग तो बोलतो. ती शाळेत असली की वाक्य अर्धंच राहतं, आणि माझा जीव टांगणीला.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवू नका. मी पितळ आहे, टिकेन. पण तुमच्या घरी कुणी लढाईवरून आलं असेल आणि बोलता बोलता थांबलं, तर तेवढं उठून जाऊ नका.