पाणीपुरवठा & मलनिःसारण

वहिनीचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. ती ओरडली नाही, हेच जास्त वाईट होतं.

"वन्सं, तुमच्या पानावर आज पाण्याचं काहीच नव्हतं," एवढंच म्हणाली.

तिच्या लाँड्रीत तिन्ही मशीन चालू असताना नळ कोरडे पडले होते. लॉजच्या साठ चादरी साबणाच्या फेसात तशाच अडकल्या होत्या आणि दुपारी दोनला त्या पोचवायच्या होत्या. वहिनीचा कारभार त्या पानाच्या भरवशावर चालायचा. रोज सकाळी ते बघूनच ती मशीन लावायची.

ते पान नणंदेच्या हातचं होतं. ती शहराच्या वाचनालयात संगणकाचं काम बघायची आणि तिथे सगळे तिला फीडबाई म्हणत. वेगवेगळ्या कार्यालयांच्या संकेतस्थळांवर नवीन सूचना आली, की ती दुसऱ्या यंत्राला वाचता येईल अशा साच्यात मांडलेली असते. त्या साच्याला फीड म्हणतात. अशी सत्तावीस फीडं गोळा करून बाई वाचनालयाच्या संकेतस्थळावर एका पानावर लावायची. पाणी, वीज, रस्ते, दवाखान्याच्या वेळा, सगळं एका जागी. सांगायला सोपं वाटतं, पण सत्तावीस कार्यालयांची सत्तावीस तोंडं होती. मुळात या साच्याचाच जन्म भांडणात झालेला. पहिला साचा निघाला आणि वर्ष-दीड वर्षात त्याच्या दोन वाटा झाल्या. एकाने दुसऱ्याचं न ऐकता पुढच्या आवृत्तीचा आकडा लावून आपलाच साचा खरा म्हणून जाहीर केलं. या भांडणाला कंटाळलेल्यांनी तिसराच काढला, त्याला ॲटम असं नाव दिलं. भांडणारे केव्हाच आपापल्या घरी गेले, निस्तरायला मात्र बाई उरली. कुणाची तारीख उलटी, कुणाचं वर्षच गायब. तिला हे काम शिकवणारे सर म्हणायचे, आरएसएस हे पहिल्या साच्याचं नाव, त्या तीन अक्षरांचा अर्थसुद्धा ज्याने त्याने आपल्या सोयीने लावला, मग पुढचं काय विचारतेस.

त्या दिवशी घोडं कुठे पेंड खातंय हे सापडायला तिला पाच मिनिटं लागली. पाणी विभागाने नवीन पाटी लावली होती आणि फीडमध्येही विभागाचं नाव आता 'पाणीपुरवठा & मलनिःसारण' असं येत होतं. मधली ती खूण या साच्यात नुसती चालत नाही. तिला लागून तीन रोमन अक्षरं आणि एक अर्धविराम द्यावा लागतो. नाही दिला, तर वाचणारं यंत्र तिथेच थांबतं आणि खालची एकही ओळ वाचत नाही. सूचना आली होती, पण त्या खुणेच्या खाली.

बाई स्वतः पाणी विभागात गेली. खिडकीवरच्या कारकुनाने संगणक शाखेत धाडलं. संगणक शाखेतल्या माणसाने आपल्या पडद्यावर पान उघडून दाखवलं आणि इथे तर सगळं व्यवस्थित दिसतंय म्हणाला. तिने समजावलं, की माणसाला दिसतं ते वेगळं आणि यंत्राला मिळतं ते वेगळं. त्याने ठेकेदाराचा नंबर दिला. ठेकेदार म्हणाला, करारात फीडचा उल्लेख नाही, आणि आजकाल फीड वापरतं कोण? शेवटी ती साहेबांपर्यंत पोचली. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, नाव ठरावात मंजूर झालंय. त्यात मला काना-मात्रेचा फरक करता येत नाही."

"नाव तेच राहील, साहेब. दिसायलाही तसंच दिसेल. फक्त आत चार चिन्हं जास्त."

"म्हणजे फरक आहेच ना," साहेब म्हणाले आणि लेखी अर्ज द्यायला सांगितलं.

अर्ज देऊन बाई घरी आली आणि सरांना फोन लावला. सरांचा नियम ठरलेला होता: दुसऱ्याचं मोडकं फीड गुपचूप सांधायचं नाही. सांधलंस की ते कायमचं तुझ्या गळ्यात. तिने पंधरा दिवस तो नियम पाळला. त्या पंधरा दिवसांत वहिनीचं पाणी आणखी दोनदा गेलं. दुसऱ्यांदा लॉजवाल्याने काम दुसरीकडे दिलं. वहिनीने हे तिला सांगितलंच नाही, भावाकडून कळलं. त्या संध्याकाळी बाईने नियम गुंडाळून ठेवला आणि चार ओळी लिहून ती खूण आपल्याच बाजूने दुरुस्त केली. पाण्याची सूचना पुन्हा दिसू लागली.

आठवड्याने पाणी विभागाचं उत्तर आलं. आपल्या पानावर आमची सूचना योग्य दिसत असल्याने दोष आढळून येत नाही, तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

बाईने ते पत्र दोनदा वाचलं. मग पानावर पाण्याच्या सूचनेखाली एक ओळ टाकली: 'या विभागाचं फीड सदोष आहे. आम्ही ते दुरुस्त करून दाखवतो.' दुसऱ्याच दिवशी साहेबांचा फोन आला. ओळ काढा म्हणाले. तिने सांगितलं, खूण दुरुस्त करा, ओळ त्याच क्षणी जाईल. किती वेळ लागेल, त्यांनी विचारलं. दोन मिनिटं, ती म्हणाली. त्यांनी त्याहून सोपी वाट काढली. संध्याकाळपर्यंत फीडच बंद करून टाकलं. फीड नाही, दोषही नाही.

बाईने डोक्याला हात लावला. वहिनी मात्र रडत बसणारी नव्हती. तिच्या गल्लीचा व्हॉल्व्ह उघडणारा माणूस तिच्याकडेच कपडे धुवायला टाकायचा. तिने त्याला गाठलं. रोज संध्याकाळी पावणेसातला तो तिला दुसऱ्या दिवसाचं सांगायचा, ती वन्संना कळवायची, आणि वन्सं हाताने टाईप करून नीट साच्यात बसवायच्या आणि पानाच्या स्वतःच्या फीडमधून सोडायच्या. पंचवीस वर्षांत इतके साचे निघाले आणि पाण्याची खबर शेवटी व्हॉल्व्हवाल्याच्या तोंडून येत होती. बाईचा जळफळाट व्हायचा. तरी ती रोज करायची.

तीन महिन्यांनी पाणी विभागाने मोठ्या थाटात ॲप आणलं. त्यातल्या सूचना बाईला फार ओळखीच्या वाटल्या. 'दुरुस्ती'तला पहिला उकार तिच्या हातून घाईत चुकला होता, तोसुद्धा तिथे जसाच्या तसा होता. तिने आपल्या यंत्राच्या नोंदी काढल्या. ठेकेदाराच्या कार्यालयातून कुणीतरी दर पंधरा मिनिटांनी तिचंच फीड उचलत होतं.

तिने ठेकेदाराला फोन लावला. काय काय सुनवायचं ते मनात घोळवून ठेवलं होतं. पण तिचं नाव ऐकताच तोच आधी बोलला.

"बरं झालं तुम्ही फोन केलात. तुमचं फीड अधूनमधून दहा मिनिटं उशिरा येतं हो. लोक आम्हाला बोलतात. बघा ना जरा."

तिने फोन ठेवला. तेवढ्यात वहिनीचा निरोप आला: उद्या अकरा ते चार बंद. बाई खुर्ची ओढून टाईप करायला बसली, कारण वहिनीच्या गल्लीत आणखी दोन लाँड्र्या होत्या.