बारा खुर्च्यांचे पान

उजव्या कोपऱ्यातला तो धूसर गुलाबी डाग म्हणजे तिचा अंगठा होता. फोटो खुर्चीचा — नवी विणलेली बैठक, वेत अजून ओलसर, चारही पाय चौकटीत नीट बसलेले — आणि कोपऱ्यात झिजलेल्या साबणाच्या वडीएवढा अंगठा. फोन ती असाच धरायची. त्याने कितीदा सांगितलं असेल, अगं, बोट येतंय मध्ये. आणि ती म्हणायची, येऊ दे, गिऱ्हाईक काय माझं बोट विकत घेणार आहे?

"काका, तेवढं बोट क्रॉप करा हं," वेबसाइट शिकवणारी मुलगी मागून म्हणाली. "पान उघडणारा माणूस दोन सेकंदांत ठरवतो, थांबायचं की जायचं."

थांबायचं की जायचं... दोन सेकंदांत. तिला हॉस्पिटलात अकरा दिवस लागले होते. त्याने मान हलवली आणि माउस धरला.

छोट्या धंद्यांसाठी वेबसाइट आणि जाहिरात, असा तो वर्ग होता. आठवड्यातून एक सकाळ, सहा आठवडे, आणि आज शेवटचा. फी त्याच्या लेकीने भरली होती. भरताना तिने बजावलं होतं, बाबा, महिनाअखेरपर्यंत काम यायला लागलं तर ठीक, नाहीतर दुकान बंद करायचं आणि माझ्याकडे यायचं, दुकानात एकटे बसून तुम्ही भिंतींशी बोलता. तो भिंतींशी बोलत नव्हता. खुर्च्यांशी बोलायचा, पण हे सांगून काही फायदा नव्हता. आणि खुर्च्या तरी किती... बायको गेल्यापासून सात महिन्यांत तीन. विणायचं त्याने आणि बोलायचं तिने, अशी एकतीस वर्षांची वाटणी होती. कोणाकडे वेताच्या खुर्च्या आहेत, कोणाची बैठक खचली, कोणाला चार दिवसांनी आठवण करायची, सगळं तिच्या डोक्यात. फोटोही धंद्यासाठीच. खुर्ची दुकानात आली की एक, जायच्या आधी एक, म्हणजे पाय आधी धड होता असं कोणी म्हणाला की फोन त्याच्या नाकासमोर. भांडायला तिला मनापासून आवडायचं. ते दुकान बंद झालं तर ती बसायची ती खिडकीजवळची जागाही जाणार होती, म्हणून तर तो इथे, या ट्यूबलाइटखाली, शाळकरी पोरासारखा वही घेऊन येत होता.

तिचा फोन हॉस्पिटलात पडला तो पुन्हा सुरू झालाच नाही. दुरुस्तीवाल्याने त्यातून कसेबसे बारा फोटो काढून दिले. बाराही खुर्च्यांचे. तिचा स्वतःचा एकही नाही.

त्याने चौकटीची कड पकडून आत ओढली. अंगठा गेला. सेव्ह. दुसरा फोटो — इथे अंगठा खाली होता, बैठकीच्या विणीला चिकटून, तिथे जरा जपून कापावं लागलं. तिसरा. आधी हात अडखळत होता, मग त्याला लय सापडली. कड ओढायची, पाय सरळ आहेत का बघायचं, सेव्ह. वेताची पट्टी एकदा भरायला लागली की बोटंच पुढे जातात, तसं काहीसं. शेजारची केकवाली बाई नवऱ्याला फोनवर झापत होती, "अहो, ओव्हन बंद करा म्हटलं होतं, बघत बसा नव्हतं म्हटलं!" पलीकडे कुत्र्यांना आंघोळ घालणारा गडी हसत होता. त्याला ते सगळं लांबून ऐकू येत होतं. खोलीत बरी हवा आहे, असंही त्याला वाटून गेलं. बारावा फोटो झाला तेव्हा त्याने पाठ ताणली आणि घड्याळ पाहिलं. अर्धा तास गेला होता. या अर्ध्या तासात तिची आठवण आली नव्हती.

सात महिन्यांत पहिल्यांदा.

तो पटकन पहिल्या फोटोकडे परत गेला. खुर्ची. दुसऱ्याकडे. खुर्ची... सगळीकडे स्वच्छ, सरळ, कोणीच न काढल्यासारख्या खुर्च्या.

"मॅडम, कापलेलं परत कसं आणायचं?"

"सेव्ह कुठे केलंत?"

"होतं तिथेच."

"मूळ फाइलवर?" तिने वाकून माउस हातात घेतला, दोन-चार ठिकाणी दाबून पाहिलं. "काका, अहो, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मूळ फोटोला हात लावायचा नाही, आधी कॉपी करायची. दुसरीकडे कुठे आहेत का?"

"नाहीत."

"मग नाही येणार... पण बिघडलं काय? बोटच तर होतं. उलट छान झालेत."

वहीत ते लिहिलेलं होतं, त्याच्याच अक्षरात, खाली रेघ मारून. लिहिलं होतं, पण हाताला ते कळलंच नव्हतं. खुर्चीची कॉपी नसते. जी समोर येते तिच्यावरच हात चालवायचा, चुकलं तर उसवायचं, पुन्हा भरायचं. एकतीस वर्षं हेच. इथे उसवता येत नव्हतं. आणि चुकलं म्हणावं तर हात कुठे चुकला होता? हाताने काम चोखच केलं होतं. मी नव्हतो तिथे. मी अर्धा तास कुठे होतो?

"काका, तुमच्या खुर्च्या भारी दिसतात राव," कुत्रेवाला डोकावून म्हणाला. "माझ्याकडे बघा, कुत्री माझ्यापेक्षा बरी दिसतात."

"तेवढं तर फोटो न काढताही दिसतंय," केकवाली म्हणाली, आणि सगळे हसले. तोही हसला. हसू आलं याचंच त्याला आश्चर्य वाटलं.

मग शिकवणाऱ्या मुलीने त्याच्याकडून शेवटचं बटण दाबून घेतलं. पान जगभर उघडलं म्हणे. नाव, पत्ता, त्याचा फोन नंबर आणि बारा खुर्च्या.

दुकानाचं शटर उचलत होता तेव्हा लेकीचा फोन आला.

"बाबा, पाहिलं मी! केवढं सुंदर झालंय. फोटो कोणाकडून काढून घेतलेत? आईचे नाहीत ना?"

त्याने खिडकीकडे पाहिलं. वेताची एक भिजत घातलेली जुडी तिथे तशीच होती, पाणी आटून गेलेलं.

"नाहीत," तो म्हणाला.

"वाटलंच. तिचे कसे, ओळखूच यायचे. आता बघा, येतील फोन. उचला हं. आणि जरा बोला लोकांशी."

हो म्हणून त्याने फोन बाकावर ठेवला. रोज दुकानात आलं की छातीत काहीतरी दाबल्यासारखं व्हायचं. त्याची तो वाट बघत होता. आलं ते वेगळंच. कोणीतरी अनोळखी माणूस आत्ता कुठेतरी ते पान उघडत असेल, खुर्च्या त्याला आवडत असतील, तो नंबर दाबील, आणि मग या आवाजाने, आपल्या या आवाजाने, तिच्या जागी बोलायचं... तेही हळूहळू जमेल. जमेलच, आज सकाळी तिला विसरणं जमलं तसं.

महिना संपायला नऊ दिवस होते. आज सकाळपर्यंत ते त्याला फार थोडे वाटत होते. आता फोन वाजेल या धास्तीत ते कसे ढकलायचे हे त्याला कळेना.