कंसातली कॉफी

भोक मोजायचा गेज त्याच्या तोंडाशीच अडला. दोब्रिनाने तो पुसून पुन्हा घालून पाहिला, तसाच. पंपाची बिडाची तीन कवचं आली होती, त्यातलं हे दुसरं वाया गेलं. तिसरं बिघडलं की जुनं मशीन भंगारात जाणार होतं आणि मशीनबरोबर दोब्रिनाही घरी.

मशीनच्या प्रोग्रॅममधला एक आकडाही तिने बदलला नव्हता. त्सांको मास्तर निवृत्त झाल्यावर मालकाने तीन हजार ओळींचं ते जंगल तिच्या गळ्यात घातलं होतं: जरा नीट लाव, मथळे घाल. तिने मन लावून ‘पहिली कापणी’, ‘मोठं भोक’, ‘शेवटचा हात’ असे कंसात मथळे घातले. कंसातलं मशीन वाचत नाही, ते माणसांसाठी असतं. मास्तरांच्या कंसांत मात्र नुसत्या गप्पा होत्या. (खिडकी लाव, नदीवरून वारा येतो.) (आलुबुखार फुलले.) (कॉफी. दोन कप.) तिने हसत हसत सगळं पुसलं, कॉफीखालची थांबण्याची आज्ञाही. मशीनने कॉफीसाठी कशाला थांबायचं?

दुपारी ती मास्तरांकडे गेली. ते द्राक्षवेलीखाली मिरच्या भाजत होते, एकट्या माणसाला वर्षभर संपणार नाहीत इतक्या. धुरातून ऊन झिरपत होतं. इथे आपण पूर्वी पुष्कळदा बसलो आहोत, असं तिला उगाचच वाटलं.

“मास्तर, दोन कवचं वाया घालवली मी.”

“थांबायची ओळ काढलीस ना?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“अगं, पहिल्या कापणीत बीड तापतं. तापलेल्यातच शेवटचा हात मारला तर भोक मापात येतं आणि निवलं की आवळतं. म्हणून थांबायचं.”

“मग तसं सरळ लिहायचं की! म्हणे कॉफी.”

“वाचणारा मीच होतो, दोब्रिने.”

अठरा वर्षं ती शेजारच्या मशीनवर असताना तिच्या खिडकीत दिवसातून एकदा कॉफीचा कप येऊन बसत असे. तो मास्तरांचा चांगुलपणा, असं ती समजत होती. म्हणजे ते फक्त बीड निवायची वाट पाहत होते. तिला वाईट वाटलं.

“दोन कपांना किती वेळ धरू? मिनिटं लिहायची आहेत मला.”

मास्तरांनी हातातली मिरची उलटली. ती आत्ताच उलटून झाली होती.

“बिडाला एक कप पुरतो,” ते म्हणाले. “दहा मिनिटं.”

दुसऱ्या दिवशी पहिली कापणी झाली आणि मशीन थांबलं. दोब्रिनाने दोन कप भरले. एक स्वतः प्यायली, दुसरा खिडकीत ठेवला, मास्तर तिच्यासाठी ठेवायचे तसा. शेवटच्या हातानंतर गेज भोकात अलगद उतरला.

मालकाने पडद्यावर वाकून नवे मथळे वाचले.

“‘बीड निवू द्या, दहा मिनिटं.’ हे ठीक. त्याखाली ही कॉफी कसली? पुसायची राहिली वाटतं.”

“राहू दे,” दोब्रिना म्हणाली आणि खिडकीतला कप उचलून ती मास्तरांना फोन करायला बाहेर गेली.